दाखला कोण देणार?



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग पाहुणे, मग आळस. (खरं कारण शेवटचं.) पण गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशी काही जुंपली की लिहिल्यावाचून राहवेना. तिथे मी दोन ओळी लिहिल्या, त्यांचा दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचा अर्थ काढला. म्हणून इथे ऐसपैस लिहितो.

विषय राजकारण नव्हता, कुणाच्या लग्नातला मानपानही नव्हता. विषय होता मोबाइल फोनची ऑपरेटिंग सिस्टिम! माझा भाचा पुण्यात आयटीत आहे. त्याने लिहिलं, "मामा, बघा. चीनच्या हुआवेने स्वतःची हार्मनी ओएस काढली आणि त्यांच्या देशात ॲपलला मागे टाकलं. आपणही स्वदेशी सिस्टिम काढली की गूगल-ॲपलची सद्दी संपलीच समजा!" खाली पटापट अंगठे. त्यावर आमचे व्याही, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, त्यांनी लिहिलं, "अहो, कशाला नसते उद्योग? दोन आहेत ना? दोन पुरेत. नवीन काही टिकत नाही, हा इतिहास आहे."

आता 'इतिहास' हा शब्द वाचला की मला गप्प बसवत नाही. तीस वर्षं तोच विषय शिकवलाय. तर आज भाच्याशीही वाद घालणार आहे आणि व्याह्यांशीही. (व्याह्यांशी वाद घालू नये, असं सौ. चहाचा कप ठेवता ठेवता सांगून गेली. पण आता बसलोय लिहायला.)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नवी सिस्टिम जुन्यांना टक्कर देऊ शकते का, हा प्रश्नच आपण चुकीच्या ठिकाणी विचारतोय. सिस्टिम चांगली आहे की वाईट, यावर ते ठरतच नाही. तिला दारात उभं करायचं की नाही हे दुसरेच कुणीतरी ठरवतात. ते कोण, हे पाहिल्याशिवाय 'स्वदेशी, स्वदेशी' म्हणण्यात अर्थ नाही आणि 'दोन पुरेत' म्हणण्यातही नाही.

ज्यांना ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय हे माहीत नाही (आमच्या वयाच्या वाचकांत असे असणारच), त्यांच्यासाठी एक वाक्य. फोन म्हणजे शाळेची इमारत धरली, तर ही सिस्टिम म्हणजे शाळेचं ऑफिस. घंटा कधी वाजणार, कुणाला कुठल्या वर्गात बसवायचं, कपाटाची किल्ली कुणाकडे, हे सगळं तिथून चालतं. मुलं म्हणजे आपली ॲप्स. जगात आज शंभरातले जवळजवळ नव्व्याण्णव स्मार्टफोन दोनच ऑफिसांच्या हुकमावर चालतात. एक गूगलचं अँड्रॉइड, दुसरं ॲपलचं आयओएस.

आता जरा हजेरी घेऊ. गैरहजर कोण कोण?

मायक्रोसॉफ्टने २०१० च्या ऑक्टोबरात विंडोज फोन आणला. ही काही कोपऱ्यावरची कंपनी नव्हे. पुढे त्यांनी नोकियाचा फोनचा धंदा सात अब्ज डॉलरहून जास्त किंमत मोजून विकत घेतला. एप्रिल २०१४ मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि जुलै २०१५ मध्ये त्यापोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खात्यात टाकावे लागले. म्हणजे जवळजवळ विकत घेतल्या किमतीएवढे! पैसा कमी पडला असं कोण म्हणेल?

मोझिलाने फायरफॉक्स ओएस आणली. आपल्याकडे ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सने त्यावरचा फोन १,९९९ रुपयांत विकायला काढला. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने स्मार्टफोनचा नाद सोडल्याचं जाहीर केलं. म्हणजे स्वस्ताईनेही भागलं नाही. सॅमसंगने टायझनवर चालणारा झेड-वन जानेवारी २०१५ मध्ये आणला, तोही भारतातच, ५,७०० रुपयांत. सॅमसंगचं नाव घराघरात होतं, दुकानं गल्लोगल्ली होती. तरी फोनमधून टायझन गेलीच. पामची वेबओएस २००९ सालची. जाणकार मंडळी अजून तिचं कौतुक करतात. एचपीने २०१० मध्ये पाम कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी फोनचा कारभार गुंडाळला.

आणि गंमत पाहा. टायझन आणि वेबओएस मेल्या नाहीत. सॅमसंगच्या टीव्हीत टायझन आहे, एलजीच्या टीव्हीत वेबओएस आहे आणि उत्तम चालतात. तीच विद्यार्थिनी एका शाळेत नापास आणि दुसऱ्या शाळेत पहिल्या बाकावर! असं झालं की शिक्षकाने काय समजावं? दोष मुलीत नाही, परीक्षेत काहीतरी वेगळं आहे.

वेगळं हे आहे, की टीव्हीवरून कुणी बँकेचे व्यवहार करत नाही. फोनवर माणूस सिस्टिम वापरत नाही, ॲप वापरतो. ॲप बनवणारा म्हणतो, "तुमच्याकडे गिऱ्हाईक किती ते सांगा, मग बनवतो." गिऱ्हाईक म्हणतं, "ॲप्स आहेत का सांगा, मग घेतो." लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. त्यात ॲपवालाच प्रतिस्पर्धी असला तर मग विचारूच नका. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या फोनसाठी यूट्यूबचं ॲप स्वतः करून घेतलं, ते गूगलने अडवलं. यूट्यूब कुणाचं? गूगलचं!

आता भाच्याच्या चीनकडे वळतो.

चीनमध्ये जे झालं ते मोठं आहे, ते मी नाकारत नाही. मे २०१९ मध्ये अमेरिकेने हुआवेला व्यापारनिर्बंधांच्या यादीत घातलं. तिच्या नव्या फोनांवर गूगलच्या सेवा मिळेनाशा झाल्या. ऑगस्टमध्ये कंपनीने हार्मनी ओएस जाहीर केली, जून २०२१ मध्ये ती फोनवर आणली. २०२४ च्या पहिल्या तिमाहीत काउंटरपॉइंट या संस्थेच्या आकड्यांनुसार चीनमध्ये हार्मनीचा वाटा १७ टक्के आणि ॲपलचा १६ टक्के झाला. भाचा म्हणतो ते हेच.

पण बाळा, आकड्याच्या खाली काय लिहिलंय तेही वाचावं. त्या १७ टक्क्यांमधल्या फोनांवर तोवर अँड्रॉइडची ॲप्स चालत होती. म्हणजे नवी सून जुन्या सासूच्याच डब्यातलं मीठमसाला वापरत होती. अँड्रॉइडची ॲप्स अजिबात न चालणारी खरी वेगळी आवृत्ती, हार्मनी ओएस नेक्स्ट, आली ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि आली ती चीनपुरती.

आणि चीनच का? कारण तिथल्या माणसाच्या फोनमध्ये गूगल मुळात नव्हतंच. गूगलने चीनमधली आपली शोधसेवा २०१० मध्येच हलवली. तिथे अँड्रॉइड फोन असतो, पण त्यात गूगलचं दुकान नसतं. चिनी माणसाचं सगळं आयुष्य वीचॅट आणि अलीपेमध्ये. तेव्हा हुआवेला जगाची मनधरणी करायची नव्हती. आपल्याच देशातल्या काही मोठ्या ॲपवाल्यांना दारात आणायचं होतं. त्यांनाही ठाऊक होतं की हुआवेचे फोन घेणारे कोट्यवधी आहेत आणि सरकारचं मन कुठे आहे. तरीसुद्धा वीचॅट त्या नव्या सिस्टिमवर चाचणीसाठी आलं ते २०२४ च्या ऑक्टोबरात. अशी कंपनी, असा पैसा, असं सरकार, आणि पहिल्या घोषणेपासून पाच वर्षं!

म्हणून भाच्याला माझं उत्तर असं. नवी सिस्टिम टक्कर देऊ शकते, हे चीनने दाखवलं. पण कुंपणाच्या आत. ते कुंपण आधीपासून घातलेलं होतं, आणि त्यात लोकांना काय पाहता येतं काय नाही याचीही गाळणी आहे. तसलं कुंपण मला माझ्या अंगणात नको. तुलाही नको असेल. मग कुंपण न घालता काय करायचं, ते बोल.

आपल्याकडचं उदाहरण बघ. जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी मद्रासने जोपासलेल्या एका कंपनीची भारओएस आली. दोन केंद्रीय मंत्र्यांनी हातात फोन घेऊन ती पाहिली, वर्तमानपत्रांत फोटो आले. ती अँड्रॉइडच्याच सर्वांसाठी खुल्या असलेल्या गाभ्यावर बांधलेली आहे. त्यात काही कमीपणा नाही. ज्ञानेश्वरांपासून सगळ्यांनी आधीच्यांच्या खांद्यावरच बांधलं. पण तुझ्या ओळखीत कुणाच्या हातात दिसला का तो फोन? मला तरी दिसला नाही.

का दिसत नाही, याचा अनुभव मला घरबसल्या आला. तो सांगतो, कारण खरं दुखणं तिथे आहे.

माझा जुना फोन. चांगला दणकट. पण कंपनीने त्याला सुरक्षेच्या सुधारणा पाठवणं कधीच बंद केलेलं. दिवाळीला नातू आला होता. म्हणाला, "आजोबा, फेकू नका, मी याला नवा जन्म देतो." त्याने त्यावर अँड्रॉइडच्या खुल्या गाभ्यापासून हौशी जाणकारांनी केलेली एक मोफत सिस्टिम चढवली. फोन तरणाबांड झाला! मराठी कळफलक झकास, बॅटरी टिकू लागली, सुरक्षेच्या सुधारणा ताज्या. मी खूश.

मग बँकेचं ॲप उघडलं. (बँकेचं नाव सांगत नाही, व्याही ओळखतील.) ते म्हणालं, हे उपकरण सुरक्षित नाही. बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. नातवाने दोन तास खटपट केली. माझी पेन्शन त्या खात्यात, विजेचं बिल त्या खात्यातून, सौ.च्या औषधांचे पैसे त्याच खात्यातून. आणि फोन म्हणतोय, तुम्ही कोण?

मी नातवाला विचारलं, "अरे, कंपनीने वाऱ्यावर सोडलेला होता तेव्हा हाच फोन बँकेला चालत होता. आता ताजातवाना झाल्यावर चालत नाही. हे काय गणित आहे?"

त्याने सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो. बँकांची बरीच ॲप्स सुरू होताना गूगलच्या एका सेवेला विचारतात, हा फोन तुमच्या नियमात बसतो का? प्ले इंटेग्रिटी असं तिचं नाव. गूगलने हो म्हटलं तर दार उघडतं, नाहीतर नाही.

मंडळी, मी काही वर्षं शाळेत प्रवेशाचं काम पाहिलंय. नव्या मुलाला प्रवेश देताना आम्ही आधीच्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला मागायचो. समजा, मुलगा हुशार आहे, वागणूक चांगली आहे, आम्ही त्याची तोंडी परीक्षाही घेतली आहे. पण नियम असा, की दाखला फक्त गावातल्या एका जुन्या शाळेचाच चालेल, आणि ती शाळा तर आमची स्पर्धक! ती कशाला दाखला देईल? आणि नाही दिला तर मुलगा अडाणी ठरतो. नव्या सिस्टिमची गत नेमकी ही आहे. तिने स्पर्धेत उतरायचं, आणि त्यासाठी लागणारा दाखला स्पर्धकाच्या शिपायाकडून आणायचा.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं होतं, "आधी दाखल्याचं बघा." भाच्याला वाटलं मी स्वदेशीची थट्टा केली. व्याह्यांना वाटलं मी त्यांच्या बाजूचा.

व्याही, आता तुमच्याकडे. तुम्ही म्हणता, टिकत नाही हा इतिहास आहे. इतिहासात कोण टिकलं याइतकंच कुणी कुणाला टिकू दिलं नाही, हेही शिकवावं लागतं. सप्टेंबर २०१२ मध्ये एसर कंपनी शांघायमध्ये अलीबाबाच्या सिस्टिमवरचा फोन बाजारात आणणार होती. कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. अलीबाबाने सांगितलं की गूगलने एसरला दटावलं. गूगलचं म्हणणं पडलं की ती अँड्रॉइडशी न जुळणारी नक्कल आहे आणि एसर तर आमच्या संघात आहे. कोण खरं, ते सोडा. फोन बाजारात आला नाही, एवढं खरं.

युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये गूगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला. त्यातला एक ठपका असा, की गूगलची ॲप्स हवी असतील तर अँड्रॉइडची दुसऱ्या कुणी बदललेली आवृत्ती एकाही फोनवर विकायची नाही, अशी अट फोन बनवणाऱ्यांवर होती. २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयाने दंड थोडा कमी केला, पण निकाल बराचसा कायम ठेवला. आपल्या स्पर्धा आयोगानेही ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या बाबतीत १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही आदेश रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला. तेव्हा 'दोन पुरेत' हा निसर्गनियम नाही. दोघांनी दार आतून धरून ठेवलं की बाहेर कुणीच उरत नाही, आणि मग आतले म्हणतात, बघा, कुणी येतच नाही!

तुमचा खरा मुद्दा मला माहीत आहे. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "अहो सर, बँकेला सुरक्षितता पाहावीच लागते. म्हाताऱ्यांचे पैसे लुबाडले गेले तर शिव्या बँकेलाच." शंभर टक्के मान्य. आपल्याच ओळखीत दोघांना फोनवरून गंडा घातला गेलाय. बँकेने दाखला मागू नये असं मी म्हणतच नाही. दाखला मागावा, पण कुणाचा चालेल याचे निकष बँकेने किंवा रिझर्व्ह बँकेने लिहून जाहीर करावेत. जी सिस्टिम त्या निकषांत बसेल तिला दार उघडं. नातू सांगतो की फोनच्या चिपमधूनच सहीशिक्क्यासारखी खूण घेता येते, आणि कुणाची खूण मान्य करायची याची यादी बँक स्वतः ठेवू शकते. म्हणजे वाट आहे. माझा घरी शेंदूर फासलेला फोन त्या निकषांत बसणार नाही कदाचित. नाही बसला तर नाही, मी तक्रार करणार नाही. पण नापास करायचं तर परीक्षकाने करावं, स्पर्धकाने नव्हे.

आणि असले नियम आपल्याकडे होऊ शकतात, याला पुरावा आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली, की भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर घटनेतल्या सगळ्या २२ भाषा वाचता आल्या पाहिजेत. अंमलबजावणीची तारीख पुढे ढकलत नेली, नेहमीप्रमाणे. पण सरकारने सिस्टिम कुणाची हे विचारलं नाही. नियम सगळ्यांना सारखा लावला. स्वदेशी फोन न काढताही भाषेला कायद्याने जागा मिळाली.

दुसरा पुरावा यूपीआयचा. मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे सुरू झालं, साध्या बटणांच्या फोनवरून पैसे पाठवायला. त्याच्याही आधीपासून स्टार-९९-हॅशची सोय आहे. इंटरनेट नको, अँड्रॉइड नको, ॲपल नको. सेवा आधी आणि फोन नंतर असा विचार केला की हे जमतं. उलटंही होतं. निवृत्तांसाठी चेहरा दाखवून हयातीचा दाखला देण्याची सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, ती अँड्रॉइड फोनसाठी. सोय चांगलीच आहे, अंथरुणाला खिळलेल्यांना वरदान आहे. पण मी हयात आहे हे सरकारला सांगायला मधे गूगलचं ऑफिस का लागावं, हा प्रश्न मला पडतो. मी अजून नोव्हेंबरात बँकेत जाऊन सही करतो. पाय चालतात तोवर करणार.

तर माझं मागणं थोडक्यात. सरकारने स्वतःची सिस्टिम काढू नये असं नाही, काढावी. पण त्याआधी सरकारी सेवा आणि बँका कुठल्याही फोनच्या ब्राउझरमधून पूर्ण चालल्या पाहिजेत. सुरक्षेचे निकष लिहून जाहीर झाले पाहिजेत. काउंटरवरचा माणूस हलता कामा नये. एवढं झालं की भारओएस येवो, हार्मनी येवो, नाहीतर माझ्या नातवाने चढवलेली येवो. ज्याच्यात दम असेल तो टिकेल, आणि न टिकणारा स्वतःच्या गुणांनी पडेल. तेव्हा मी व्याह्यांबरोबर म्हणेन, हा इतिहास आहे.

माझं पुढे काय झालं विचाराल तर सांगतो. शेवटी नवा फोन घेतला, अँड्रॉइडच. दुसरा इलाज नव्हता. जुना फोन उशाशी असतो, त्यावर आकाशवाणीच्या बातम्या ऐकतो. बँकेला मात्र मराठीत सविस्तर पत्र लिहिलंय आणि पोच घेतली आहे. शाखेतली मुलगी म्हणाली, "काका, असं पत्र पहिल्यांदाच आलंय." मी म्हटलं, "मग दुसरं येईल याची वाट बघा." मंडळी, ते दुसरं पत्र तुमच्यापैकी कुणीतरी लिहावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

भाच्या, व्याही, रागावू नका. राग आलाच तर खाली लिहा, ग्रुपवर नको. तिथे वाढदिवसाच्या शुभेच्छांत सगळं वाहून जातं.

असो. भेटू पुन्हा.

ता.क. – सौ.ने वाचलं. म्हणाली, "सगळं ठीक आहे, पण सासूच्या डब्यातल्या मिठाचं उदाहरण काढा." काढत नाही.